‘येत होतं सर’ हे मला ऐकवू नकोस

पोलीस भरतीचा सराव पेपर तपासलास. 61 आले. वहीच्या मागच्या पानावर गेल्या खेपेच्या 58 खाली 61 लिहिलेस, तीन वाढले म्हणून खूश झालास आणि पेपर दप्तरात कोंबलास. उरलेल्या 39 चं काय? ते कोणी बघायचे? मी?

विचारलं तर उत्तर तयारच. ‘सर, येत होतं, सिली मिस्टेक झाली.’ 39 च्या 39 सिली?

आण तो पेपर. बस इथे.

रेल्वेचं गणित बघ. गाडी 150 मीटर, प्लॅटफॉर्म 250 मीटर, वेग ताशी 72 किलोमीटर. ओलांडायला किती सेकंद? 72 चे सेकंदाला 20 मीटर केलेस, ते बरोबर. मग 250 ला 20 ने भागलंस आणि साडेबारावर गोल केलास. गाडीची लांबी कुठे गेली? 400 भागिले 20, उत्तर 20 सेकंद. आता त्याआधीचा पेपर काढ. आकडे निराळे, चूक तीच. ही नजरचूक नाही रे, ही तुझी सवय आहे. आणि पर्यायांत साडेबारा आपोआप आलं असं वाटतं तुला? पेपर काढणाऱ्याने ते मुद्दाम ठेवलंय. ज्याने तुझं तोंडही पाहिलेलं नाही त्याला ठाऊक आहे तू कुठे घसरणार. तुला स्वतःला मात्र पत्ता नाही!

‘आपल्याकडे रेल्वे कुठे आहे सर’ म्हणे. बरं, अहेरीत रेल्वे नाही. नदी तर आहे ना? प्रश्न होता, प्राणहितेच्या उगमाशी कोणत्या नदीचा संबंध नाही? तू वैनगंगेवर खूण केलीस. प्राणहितेच्या काठी वाढलेला पोरगा तू. चपराळ्याला वर्धा आणि वैनगंगा मिळतात आणि तिथून पुढे ती प्राणहिता होते, हे तू झोपेतही सांगशील. इंद्रावती छत्तीसगडकडून येते आणि खाली सोमनूरजवळ गोदावरीला मिळते, हेही तुला माहीत आहे. मग चुकलास कसा? प्रश्नातलं ‘नाही’ वाचलंच नाहीस. तीन शब्द वाचले आणि हात चालवला. याला भूगोल पुन्हा वाचून काय होणार? तू मात्र तेच केलंस. रात्रभर नद्या घोकत बसलास.

आणि ‘मुलाने पत्र लिहिले’? भावे प्रयोग? क्रियापद पत्रामागे चाललंय, पत्राच्या जागी चिठ्ठी ठेवलीस की ‘लिहिली’ होतं. सरळ कर्मणी. इथे तुझी घाई झाली नव्हती, तुला प्रयोग येतच नाहीत. आठवीपासून येत नाहीत. ते कबूल करायची लाज वाटते, म्हणून त्यालाही सिलीच्या पोत्यात भरतोस.

तीन चुका, तीन वेगळी दुखणी. एकीला शेवटची पायरी तपासायची सवय हवी, दुसरीला प्रश्न पुरता वाचायची शिस्त, तिसरीला व्याकरणाचं पुस्तक घेऊन दोन दिवस मान खाली घालून बसणं. तू तिन्हींवर एकच औषध घेतोस, नवा पेपर. पेपरांचा गठ्ठा वाढतोय, गुण तिथेच घुटमळतायत. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं किती दिवस?

मैदानावर तू असा नाहीस, याचाच मला जास्त राग येतो. 1600 मीटरला 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत आलं की 20 पैकी 20, हे तुला पाठ आहे. कितव्या राउंडला पाय जड होतात, किती सेकंद तिथे जातात, सगळं तोंडावर. गोळा फेकताना कोपर खाली येतो हे मित्राकडून मोबाइलवर शूट करून घेऊन तूच शोधून काढलंस. तिथे कधी म्हणालास का, सिली फेक झाली? मैदानाचे 50 गुण, लेखीचे 100. ज्याला दुप्पट गुण, तिथेच डोळे मिटून घेतोस.

आणि ते 61 तरी तुझे आहेत का? पोलीस भरतीत चुकीला गुण कापत नाहीत म्हणून तू शंभरच्या शंभर गोल रंगवतोस. रंगव, तसंच करायचं असतं. पण त्यातले किती तुक्क्याने लागले? खरं सांग. तुक्का लागला की ‘आलं’ म्हणतोस, चुकला की ‘येत होतं’ म्हणतोस. म्हणजे तुझ्या हिशेबात न येणारं काही उरतच नाही! शेजारी नीटची तयारी करणारी पोरगी बसते, तिचं एक उत्तर चुकलं तर हातचा एक गुण जातो. ती अंदाजाच्या प्रत्येक उत्तरापुढे पेन्सिलीने टिंब करते. नंतर तेवढेच प्रश्न काढून बसते. तुला कोणी अडवलंय?

पुण्याचे क्लास इथे नाहीत, नेट जातं, लाइट जाते. खरं आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो, तिथल्या पोरांचे हाल मी जाणतो, त्यांना मी हे कधी ऐकवणार नाही. पण चुकांची वही ठेवायला नेट लागतं का? तुझ्या चुका कोणत्या पुण्याच्या क्लासात मिळणार आहेत? त्या तुझ्या दप्तरात पडल्या आहेत, फुकट.

‘वेळ नाही’ तर म्हणूच नकोस. चौकातल्या चहाच्या टपरीवर कटऑफ किती लागेल यावर तास तास घालवतोस. दीड तासाचा पेपर सोडवायला वेळ आहे आणि तो का चुकला हे बघायला नाही? उत्तरतालिका समोर धरून ‘हो हो, हेच होतं’ म्हणत मान डोलावणं म्हणजे तपासणी नव्हे. उत्तर दिसलं की ते सगळ्यांनाच येतं.

आठवडाभर नवा पेपर मिळणार नाही. मागितलास तरी देणार नाही. हे 39 एकेक करून वहीत उतरव. पुढे बरोबर उत्तर लिहू नकोस, चुकीचं का निवडलंस ते लिही, तुझ्या शब्दांत, एका ओळीत. ‘सिली’ हा शब्द दिसला तर पान फाडीन. अंदाजाने लागलेले वेगळ्या पानावर. आठ दिवसांनी उत्तर झाकून तेच प्रश्न माझ्यासमोर सोडवायचे. जो पुन्हा चुकेल तो वहीत पुन्हा चढेल.

तुझ्या जागी दुसरा कोणी असता तर एवढं बोललो नसतो. जा, प्रयोगापासून सुरू कर. मी सातपर्यंत इथेच आहे.