कुप्र बेटांतील अरण्य आणि गरिबाची कुऱ्हाड



प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय ४ था, ह्याच्या शेवटीं बर्णबाची गोष्ट आहे. तो लेवीय असून कुप्र बेटांत जन्मलेला होता. त्यानें आपलें शेत विकलें व पैसा आणून प्रेषितांच्या चरणीं ठेविला. ह्या भक्ताच्या जन्मभूमीकडे पाहून आज एका कठीण प्रश्नाचा विचार करूं. तो असा: पोटासाठीं जो अरण्याचा नाश करितो, तो दोषी आहे काय?

कुप्र, ज्याला हल्लीं सायप्रस म्हणतात, हें भूमध्य समुद्राच्या पूर्व भागांतील बेट होय. आपल्याकडे उन्हाळा सरला कीं पाऊस येतो; तेथें पाऊस थंडींत पडतो आणि उन्हाळा अगदीं कोरडा जातो. म्हणून तेथील झाडें मोठीं काटक. त्रूदोस डोंगराचें शिखर १,९५२ मीटर उंच आहे. त्या डोंगरावर सुवर्ण-ओक नांवाचें झाड होतें. त्याचें पान वरून हिरवें, खालून सोनेरी. खडकाळ उतारावर तें माती धरून ठेवितें आणि आपल्याच पानांचें खत तिला देतें. पश्चिमेकडील अरण्यांत गंधसरूची एक आंखूड पानांची जात आहे. ती लबानोनांतील गंधसरूची जणूं बहीण. हीं दोन्ही झाडें ह्या बेटावांचून जगांत दुसरीकडे कोठेंही आपोआप उगवत नाहींत. सखल भागांत करोब नांवाचें शेंगांचें झाड आहे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यांत डुकरें ज्या शेंगा खात, त्या ह्याच जातीच्या असाव्या, असें पुष्कळ टीकाकार मानितात.

परंतु पूर्वीं ह्या बेटाचीं मैदानेंही अरण्यानें झांकलेलीं होतीं. ख्रिस्तापूर्वीं ३ ऱ्या शतकांतील एराटोस्थेनीस ह्या विद्वानाचें म्हणणें स्त्राबो ह्या ग्रंथकारानें नमूद केलें आहे. तांबें व रुपें गाळण्यासाठीं झाडें तुटलीं. गलबतें बांधण्यासाठीं तुटलीं. तरी अरण्य सरेना. तेव्हां असें ठरलें कीं, जो कोणी जमीन मोकळी करील त्याची ती व्हावी, आणि तिजवर सारा नसावा. म्हणजे तोडणाऱ्याला शिक्षा नव्हे, तर बक्षीस!

शेळ्यांनींही ह्या नाशांत भर घातली. शेळी हें गरिबाचें धन. तिच्या व मेंढीच्या दुधाचें हलुमी नांवाचें पनीर त्या बेटाचें प्रसिद्ध खाणें. परंतु तुटलेल्या खोडाला फुटलेला कोंब व बीजापासून उगवलेलें रोप शेळी खाऊन टाकी. कोंवळा पाला यावा म्हणून मेंढपाळ कधीं कधीं रानाला आगही लावीत. मग थंडींतला पाऊस उघड्या उताराची माती वाहून नेई.

आतां दोष कोणाचा? कोणी म्हणेल, “पाळकसाहेब, लेंकरें उपाशी असतां झाडाची कींव कोणी करावी?” ही तक्रार खोटी नाहीं. ज्या राजानें नाशाला बक्षीस लाविलें, ज्या सावकारानें लांकूड विकून घर भरलें, त्यांचा हिशेब मेंढपाळाच्या हिशेबाहून मोठा आहे. गरज दोष कमी करिते. परंतु गरजेनें गेलेली माती परत येत नाहीं. आणि पुढें जन्मणाऱ्या लेंकरांनाही पोट असतें. जमीन परमेश्वराची आहे व आपण तिजवर उपरे आहों, हें लेवीय अध्याय २५ वा ह्यांत शिकविलें आहे. तें धनवानासाठीं आहे, तसेंच गरिबासाठींही आहे.

इंग्रजांनीं १८७८ सालीं बेटाचा कारभार हातीं घेतला. १९१३ सालीं त्यांनीं असा कायदा केला कीं, गांवकऱ्यांनीं मतें देऊन मोकळ्या चरणाऱ्या शेळ्या आपल्या गांवांत नकोत असें ठरवावें. हुकूम करण्यापेक्षां विचारणें बरें, हें खरें. तथापि येथें एक सूक्ष्म मोह आहे. ज्याच्या घरीं शेळीच नाहीं, त्याला शेळ्यांविरुद्ध मत देण्यास काय लागतें? अरण्य वांचलें, पुण्य सर्वांचें. आणि खर्च मात्र एका मेंढपाळाचा. शेजाऱ्याच्या वस्तूचा त्याग करणें हा त्याग नव्हे.

बर्णबाकडे पुन्हां पाहा. त्यानें शेजाऱ्याचें शेत विकलें नाहीं, आपलें विकलें. ज्या बेटांत जमीन तोडून घेणाऱ्याची होई, त्याच बेटांत जन्मलेल्या मनुष्यानें जमीन देऊन टाकिली. ह्यांतच आपल्या प्रश्नाचें उत्तर आहे. गरिबाला दोषी ठरविण्याआधीं त्याचा भार आपण किती उचलला, हें प्रत्येकानें विचारावें. “झाड तोडूं नको” असें म्हणणाऱ्यानें त्याच्या चुलीची काळजी वाहावी. आणि ज्याला मदत मिळाली, त्यानें गरजेची सबब पुढें करून कुऱ्हाड उचलूं नये.

बंधुभगिनींनो, आपल्या गांवच्या कुरणाविषयीं पुढील वेळीं वाद निघेल, तेव्हां दुसऱ्यानें काय सोडावें हें सांगण्यापूर्वीं आपण काय सोडतों हें सांगूं या. सुवर्ण-ओक अद्याप त्या उतारावर उभा आहे. त्याला पान आहे तें आपल्याच मातीला देण्यासाठीं.