उघडा राहिलेला खड्डा

आमच्या कटंगीकडे शेताच्या कडेला कठडा नसलेली जुनी विहीर असली, आणि तीत एखादे जनावर पडले, की जबाबदार कोण हा प्रश्न उभा राहतोच. निर्गमाच्या २१ व्या अध्यायात याचे उत्तर सरळ आहे: खड्डा उघडा ठेवणाऱ्याने भरपाई करावी. त्याचा हेतू चांगला होता की वाईट, हे तेथे विचारलेले नाही.

हा नियम आपण एका मोठ्या खड्ड्याला लावून पाहू. १९६४ साली चीनने अणुस्फोट केला. त्याच्या चाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी भारत व अमेरिका यांनी नंदादेवी शिखरावर गुप्तपणे एक यंत्र बसविण्याचे ठरविले. त्याला वीज पुरविणारे जनित्र प्लुटोनियमवर चालणारे होते. ऑक्टोबर १९६५ मध्ये कॅप्टन मनमोहनसिंग कोहली यांचे पथक हिमवादळात सापडले. माणसांचे जीव वाचावेत म्हणून सामान वरच्या तळावर बांधून ठेवून सर्व जण खाली उतरले. १९६६ साली पुन्हा वर जाऊन पाहतात, तो जनित्र नाहीसे! ते आजवर सापडलेले नाही. तो बॉम्ब नव्हे, हे खरे. परंतु त्यातील प्लुटोनियम निम्मे होण्यास सुमारे ८८ वर्षे लागतात, आणि तेथील बर्फाचे पाणी ऋषिगंगेतून अखेर गंगेस मिळते.

मग येथे दोष कोठे? सामान सोडून माणसे वाचविणे हा दोष नव्हे. आम्हांस वाटते, दोष त्यानंतरच्या मौनात आहे. खालच्या गावांना कोणी काही सांगितले नाही. अमेरिकेतील एका मासिकाने बातमी फोडल्यावर, एप्रिल १९७८ मध्ये, पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत ही गोष्ट मान्य केली.

कोणी म्हणेल, पुढे नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीला पाण्यात किरणोत्सर्ग आढळला नाही; मग लोकांना घाबरवावे कशाला? पण मौनानेही भय टळत नाही. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी ऋषिगंगेला भयंकर पूर आला. खडक व बर्फाचा कडा कोसळल्याने तो आला, असे शास्त्रज्ञांनी दाखविले. तरी रैणी गावच्या लोकांच्या मनात प्रथम त्या जनित्राचाच संशय आला. ज्यांना एकदा सांगितले नाही, ते पुढे खरे सांगितले तरी विश्वास कसा ठेवतील?

रविवारच्या शाळेतील शिक्षकबंधुभगिनींनो, मुलाच्या हातून वस्तू हरवते, तेव्हा आपण हरविल्याबद्दल इतके रागावतो काय, की पुढच्या वेळी ते लपविण्यास शिकते? हरवलेले सर्वच आपल्याला परत आणता येणार नाही. परंतु खड्ड्याजवळून जाणाऱ्याला हाक मारून सावध करणे, एवढे तर आपल्या हाती आहे.