रडतोंडीचा घाट

महाबळेश्वराहून पारकडे उतरणाऱ्या जुन्या वाटेस रडतोंडीचा घाट म्हणतात. १६५९ सालीं अफझलखानाचें सैन्य याच वाटेनें जावळींत उतरलें, आणि त्या प्रसंगावर अज्ञानदासानें पोवाडा रचिला, हें वाचकांस ठाऊकच आहे. तो पोवाडा मनांत घोळवीत आम्ही घाट उतरूं लागलों; निम्म्या वाटेवर गुडघ्यांनीं त्याचा विसर पाडला.

जपानांत शिराकावाच्या चौकीवर कवींनीं शतकानुशतकें कविता केल्या. १६८९ सालीं बाशो मुद्दाम तेथें गेला, तेव्हां ती केव्हांच ओस पडली होती. ओस चौकीवर प्रेम करणें सोपें, कारण ती कोणास अडवीत नाहीं. घाट मोऱ्यांच्या हातीं असतांना मीठ घेऊन वर चढणाऱ्या बैलवाल्यास येथें काव्य दिसलें असेल काय? हे घाट ज्याचे, त्याची जावळी. म्हणून तर १६५६ सालीं ती घेतल्यावर शिवाजीमहाराजांनीं पारघाटावर प्रतापगड बांधविला.

मग दुसऱ्याच्या कष्टांवर उगवलेलें सौंदर्य भोगण्याचा आम्हांस अधिकार कोणता? अधिकार आहे, असें आम्ही म्हणूं. पण त्या कष्टांची आठवण ठेवील त्यालाच. पोवाड्यांत खान आहे, महाराज आहेत. ओझें वाहणारा घाटाच्या नांवांत तेवढा उरला आहे. तें नांव पालखींतून उतरणारानें खास ठेविलें नसेल.

खालीं पारास कोयनेवरचा शिवकालीन म्हणविला जाणारा दगडी पूल अजून उभा आहे. तेथें बसून आम्ही भाकरी सोडली. ‘कोण, कोठले?’ म्हणून कोणीं हटकलें नाहीं. आणि, सांगावयास संकोच वाटतो, याचें आम्हांस थोडें वाईटच वाटलें.