'घड्याळ एक' असं लिहू नकोस

चि. भाचेबुवांस,

ताई म्हणाली, परवा दुकानात हवालदार येऊन गेला तेव्हापासून तुला जेवण जात नाही. अरे, जुने मोबाइल घ्यायचे-विकायचे म्हटल्यावर पोलीस यायचेच. चोरीचा माल आपल्यासारख्यांच्या काचेतच सापडतो, त्यांनी शोधायचं तरी कुठं?

मी जुनी घड्याळं विकायचो तेव्हाची गोष्ट. एका पोराकडून निम्म्या भावात घड्याळ घेतलं आणि वहीत टिपलं, 'घड्याळ एक'. आठवड्यात पोलीस दारात! घड्याळ गेलं, पैसेही बुडाले. १९३० च्या मालविक्री कायद्याने चोराकडेच मालकी नाही, तर माझ्याकडे कुठून येणार? पण जिव्हारी लागला तो फौजदाराचा प्रश्न: "एवढ्या स्वस्तात का देतोय, हे विचारलं नाहीत?" मी गप्प. चोरीचा माल घेण्याच्या गुन्ह्याला तेव्हा 'चारशे अकरा' म्हणायचे, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७. माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असूनही, लबाडीने घेतला तर तीन वर्षांपर्यंत कैद. नुसतं 'माहीत नव्हतं' म्हणून सुटशीलच असं नाही, ते 'कारण' भाव बघूनही ठरवतात.

म्हणून फोन हातात आला की *#०६# दाब, पंधरा आकडी आयएमईआय वहीत उतरव, सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर तपास. देणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, सही, मूळ बिल घे. बिल नाही म्हणाला, तर चहा पाजून वाटेला लाव.

झडतीला आले तर वॉरंट विचार, पण अडून बसू नकोस. गुन्ह्याचा तपास चालू असेल आणि वॉरंट आणण्यात फार उशीर होणार असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ प्रमाणे कारणं लिहून ठेवून ते वॉरंटशिवायही येऊ शकतात. पंच हवेत, चित्रीकरण हवं, नेलेल्या मालाची यादी हवी. तिची प्रत मागून घे. यादीत नुसतं 'मोबाइल पाच' असेल, तर सही करण्याआधी पाचही आयएमईआय लिहायची विनंती कर. माझीच चूक त्यांना का करू द्यायची? आणि कुणी "जरा बघतो" म्हणत एखादा फोन खिशात घालून निघाला, तर हसून पावती माग. साहेबांना भेट म्हणून तर एकही देऊ नकोस, ती सवय लागली की दुकान त्यांचंच.

नव्या वहीचं पहिलं पान भरलं की फोटो पाठव.

तुझा मामा