सव्वा महिन्यानंतरच्या रात्री

1810 मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ पडला आणि ग्वाल्हेरचा लष्कर हा भाग वसला. तिथल्या मराठी घरांत बाळंतपणाची जुनी शिस्त अजून बरीच टिकून आहे. सकाळी मालीशवाली येते, बाळाला तेल चोळून, पायांवर घेऊन न्हाऊ घालते, दुपट्यात गुंडाळते. (धुरी मात्र बंद झालेली बरी, तान्ह्याच्या छातीला धूर सोसत नाही.) न्हालेलं बाळ गाढ झोपतं आणि घरातली वडीलधारी बाई बाळंतिणीला बजावते, "ते निजलंय तोवर तूही पड गं."

या बजावण्यात मोठं शहाणपण आहे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला दिवस-रात्र कळत नाही. ते दिवसाकाठी 14 ते 17 तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांनी. अंधार पडला की झोप आणणारं मेलाटोनिन त्याच्या शरीरात वेळच्या वेळी तयार व्हायला साधारण तिसरा महिना उजाडतो. तोवर ते आईच्या रात्रीच्या दुधातून मिळतं. दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसतंच. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिनही रात्रीच जास्त असतं. म्हणून "रात्री बाटली दे आणि झोप" हा सल्ला वाटतो तितका सोपा नाही. आईची रात्र मोडणारच. ती दिवसा भरून काढण्याची सोय घरानं करायची असते, आणि सव्वा महिना ती होते.

पुढे मात्र गणित चुकतं. बाळाचं रडणं वाढत वाढत सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त होतं. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी 1962 मध्ये त्याची नोंद केली. सव्वा महिना संपतो तो याच सुमारास. मालीशवाली थांबते, बाळंतीण ओट्यापाशी उभी राहते आणि संध्याकाळी कुकर लावायच्या वेळी बाळ आकांत मांडतं. दुपारी ते निजलं की तिच्यापुढे धुणं, भांडी, आल्यागेल्याचा चहा. तिच्या थकव्याचा बोल मग बाळाला लागतो : "फार जागवतं हो!" बाळ त्याच्या वयाप्रमाणेच जागत असतं. कमी झालेली असते ती तिची दुपार.

पहिलं बाळंतपण माहेरी, तेही तीन महिने, ही रीत मला म्हणूनच अधिक नेमकी वाटते. पण आता माहेर इंदूरला नाहीतर पुण्याला, आजीला स्वतःची नोकरी, आणि दुसऱ्या खेपेला थोरल्याची शाळा.

त्यात ग्वाल्हेरचा मे महिना. पारा 45 ला टेकतो, रात्रीही भिंती तापलेल्या, सगळं घर कूलरच्या एका खोलीत. लाइट जाते, कूलरची घरघर थांबते आणि बाळ चुळबुळायच्या आत आई उठून वर्तमानपत्राच्या घडीनं वारा घालू लागते. लाइट येते, बाळ झोपलेलंच असतं, पण हिचा डोळा लागत नाही. आता उठेल, मग उठेल म्हणून कान तिकडेच. असं आठवडेच्या आठवडे चाललं की बाळंतपणानंतरचं नैराश्य बळावू शकतं. बाळ शांत निजलेलं असतानाही आईला झोप येत नसेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं.

'स्लीप' या नियतकालिकात 2019 मध्ये आलेल्या एका जर्मन अभ्यासात पहिल्या तीन महिन्यांत आयांची झोप रोज सरासरी तासभर घटलेली दिसली, बापांची पाव तास. पाजणं बापाच्या हातात नाही, एवढ्यानं हा फरक पुरता उलगडत नाही. पाजून झालं की ढेकर काढणं, लंगोट बदलणं, थोपटून निजवणं त्याला जमतं. पहाटेचं पाजून झाल्यावर तो बाळाला घेऊन बाहेरच्या खोलीत गेला तर तिला सलग दोन तास मिळतात, आणि मुख्य म्हणजे तेवढा वेळ कान लावून पडावं लागत नाही. दुपारचा ओटा घरानं सव्वा महिन्याऐवजी तीन महिने सांभाळला, तर बाळाची स्वतःची रात्र बसेपर्यंत तिची दुपारही तिच्याकडे राहते.