तिवरांवरची कुऱ्हाड



शत्रूच्या नगराला वेढा घातला तरी तेथील फळझाडे तोडू नका, अशी आज्ञा अनुवादाच्या पुस्तकात (२०:१९) आहे. युद्धातही जे वर्ज्य, ते आपल्या वसईत शांततेच्या काळात चालते! मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिवरांच्या तोडीवर बंदी घातली, २०१८ साली ती कायम केली. तरीही इमारतींसाठी रात्री भराव पडतो, खाडीचे पाणी अडते आणि तिवरे उभ्या उभ्या मरतात.

कुऱ्हाड बिल्डरची असेल. पण जमिनीच्या कागदावर सही कोणाची? पाहूनही गप्प कोण राहिले? प्रायश्चित्त संस्काराला येताना हेही पाप आठवूया. भरावाचा ट्रक दिसला, तर तहसीलदारांकडे लेखी तक्रार करा. एकट्याला भीती वाटली, तर माझ्याकडे या. मी सोबत येईन.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू