परीक्षेत एक, मनात एक?



काही दिवसांपूर्वी रविवारची मिस्सा संपल्यावर दहावीत शिकणारी एक मुलगी आमच्याजवळ आली. "फादर, शाळेच्या पुस्तकात लिहिलंय की माणूस आधीच्या प्राण्यांमधून लाखो वर्षांत हळूहळू घडत आला. धर्मशिक्षणात सांगतात की देवाने आदामाला मातीपासून घडवलं. मी परीक्षेत काय लिहू आणि मनात काय ठेवू?"

आम्ही घाईत होतो. "परीक्षेत पुस्तकातलं लिही," एवढे सांगून मोकळे झालो. ती मान हलवून गेली. पण ते उत्तर आम्हाला रात्रभर टोचत राहिले. जे मूल परीक्षेत एक लिहिते आणि मनात दुसरेच ठेवते, त्याला मोठेपणी दोहोंपैकी एक सोडावे लागते. आणि पुष्कळदा सुटते ती श्रद्धा. म्हणून तिला द्यायचे राहिलेले उत्तर आज आपणा सर्वांसमोर देत आहोत.

हा गोंधळ फक्त त्या मुलीचा नाही. जानेवारी 2018 मध्ये आपल्या मराठवाड्यातच, तेव्हाच्या औरंगाबादला, वैदिक संमेलनाच्या वेळी तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेले नाही. देशातील तीन विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्याला विरोध केला. पुढे 2023 मध्ये एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, तेव्हा अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी निषेधाचे पत्र लिहिले. आपल्या राज्याच्या 2018 च्या पुस्तकात मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा आला. पण दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपल्या घरात पाहू या. "तो धडा नुसता पाठ कर, त्यावर विश्वास ठेवू नको," असे आपल्यातले किती पालक सांगतात!

"कोणी पाहिले?" हा प्रश्न मानवतच्या कापूस पिकवणाऱ्या माणसाने तरी विचारू नये. माणूस आजच्या माकडापासून झाला असे विज्ञान म्हणतच नाही. दोघांचे पूर्वज फार प्राचीन काळी एक होते, एवढेच ते म्हणते. पण जीव बदलतो हे आपण आपल्या शेतात पाहिले आहे. 2002 मध्ये देशात बीटी कापूस आला. त्यातील विषाने बोंडअळी मरू लागली, फवारण्या कमी झाल्या. मात्र लाखो अळ्यांमध्ये जन्मतःच थोड्या वेगळ्या असलेल्या काही अळ्या त्या विषाने मेल्या नाहीत. मागे त्याच उरल्या, त्यांचीच पिल्ले वाढली, आणि दर पिढीत त्यांचे प्रमाण वाढत गेले. 2017 च्या हंगामात डोमकळ्या दिसल्या, बोंडे फोडली तर आत गुलाबी अळी, आणि हाती आली कवडी. बियाण्याच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम नॉन-बीटीची पुडी मिळायची, आठवते? विषाला बळी पडणाऱ्या अळ्याही थोड्या जगाव्यात, त्यांचा संकर होत राहावा आणि हा बदल लांबावा, यासाठी ती होती. किती जणांनी ती बांधावरच टाकून दिली! ज्याला उत्क्रांती खोटी वाटली, त्याला ती पुडीही निरुपयोगी वाटली. अज्ञानाची किंमत अशी घरच्या चुलीपर्यंत येते.

मग ख्रिस्तसभा काय म्हणते? पोप पायस बारावे यांनी 1950 मध्येच लिहिले की मानवी शरीर आधीच्या सजीवांतून आले का, याचा अभ्यास करायला मनाई नाही. आत्मा मात्र थेट परमेश्वर निर्माण करतो, हे आपण धरून राहावे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1996 मध्ये सांगितले की उत्क्रांतीचा सिद्धांत आता निव्वळ तर्क राहिलेला नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2014 मध्ये बजावले की देव म्हणजे कांडी फिरवणारा जादूगार नव्हे. आणि आनुवंशिकतेचे नियम वाटाण्याच्या रोपांवर शोधले कोणी? ग्रेगोर मेंडेल या मठवासी धर्मगुरूने. 1866 साली त्यांचा निबंध छापून आला. ख्रिस्तसभा कधी चुकलीच नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. 1633 मध्ये गॅलिलिओवर अन्याय झाला आणि 1992 मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी ती चूक जाहीरपणे मान्य केली.

आता उत्पत्तीचे पुस्तक उघडा. पहिल्या अध्यायात झाडे तिसऱ्या दिवशी येतात आणि सूर्य चौथ्या दिवशी. त्या अध्यायात मनुष्य सर्वांच्या शेवटी निर्माण होतो, तर दुसऱ्या अध्यायात शेतात झुडूप उगवण्याआधीच मातीतून घडवला जातो. ज्यांनी हे दोन्ही अध्याय शेजारी शेजारी ठेवले, त्यांना हा फरक दिसत नव्हता का? दिसत होता. त्यांना घड्याळ लावून हकिगत सांगायची नव्हती. सूर्य, चंद्र, जनावरे हे देव नाहीत, ती निर्मिती आहे. निर्मिती चांगली आहे. आणि मनुष्य देवाच्या प्रतिरूपात घडला आहे, हे त्यांना सांगायचे होते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आम्हाला जड गेला होता. तो पुढे भाकरीवरून समजला. ताटातली ज्वारीची भाकरी कोणी दिली? आईने थापली, म्हणून आईने. बापाने पिकवली, म्हणून बापाने. आणि जेवणाआधी आपण आभार मानतो परमेश्वराचे. तिन्ही उत्तरे खरी आहेत. आईने अर्धी आणि देवाने अर्धी अशी वाटणी कोणी करत नाही. तसेच निसर्गाच्या नियमांनी सजीव घडले म्हणून देवाचा वाटा कमी होत नाही. ते नियम आणि ते सजीव त्याच्याच आधाराने अस्तित्वात आहेत.

सगळेच प्रश्न सुटले असे मात्र नाही. आदामाचे पाप आणि मानवाचा प्राचीन इतिहास यांचा मेळ कसा घालायचा, यावर ईशज्ञानाचे अभ्यासक आजही विचार करत आहेत. प्रश्न शिल्लक आहे म्हणून श्रद्धा डळमळू देऊ नये, आणि श्रद्धा आहे म्हणून प्रश्न दाबू नये.

एक सावधगिरी मात्र हवी. निसर्गात जे टिकते ते टिकते, यावरून कोणी 'बळी तो कान पिळी' हा माणसांचा नियम बनवू लागला, तर तिथे विज्ञान संपलेले असते. ज्या प्रभूने कुष्ठरोग्याला स्पर्श केला, त्याचे आपण शिष्य आहोत. दुर्बलाला मागे टाकणे हा आपला मार्ग नव्हे. उलट विज्ञानच आज सांगते की कोणत्याही दोन माणसांच्या आनुवंशिक रचनेत सुमारे 99.9 टक्के साम्य असते. पवित्र शास्त्र सांगते की सर्व माणसे एकाच प्रतिरूपाची आहेत. ज्या गावांत आपल्या आजोबा-पणजोबांना जन्मावरून वेगळ्या पाणवठ्यावर उभे केले गेले, तिथे या दोन्ही साक्षी एकच गोष्ट बोलतात: कोणीही जन्माने नीच नाही. मग आपल्या घरची सोयरीक जुळवताना आपण कोणती साक्ष मानतो?

बाळ, तुझे उत्तर आता असे: परीक्षेत जे खरे आहे ते लिही, आणि मनातही तेच ठेव. तो धडा मन लावून वाच. मातीतून देवाच्या प्रतिरूपापर्यंतचा रस्ता किती लांब होता, हे त्यात कळेल. आणि तो रस्ता कोणी आखला हे तुला मिस्सेत कळेल. पालकांनो, या आठवड्यात मुलांच्या शेजारी बसून तो धडा एकदा तुम्हीही वाचा.

हे परमेश्वरा, सत्याला घाबरू नये एवढी श्रद्धा आम्हाला दे, आणि मिळालेल्या ज्ञानाने कोणाला कमी लेखू नये एवढी नम्रता दे. आमेन.

आपले धर्मगुरू